नाव वळणदार, पत्ता सरळ

१९९७ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस आणि नुकताच आलेला एक कॉम्प्युटर. वडील खिळ्यांच्या बाजूला आणि मी कॉम्प्युटरवर, अशी वाटणी होती. हातानं लिहिल्यासारखी दिसणारी मराठी अक्षरं त्या सुमाराला कॉम्प्युटरवर मिळू लागली होती आणि मला त्यांचं भारी वेड लागलं होतं. ओळखीच्या एका गृहस्थांच्या मुलीचं लग्न ११ मे रोजी होतं. पत्रिका माझ्याकडे आली. वरच्या गणपतीपासून खालच्या 'आपले नम्र'पर्यंत सगळा मजकूर मी त्या तिरक्या, वळणदार अक्षरात घातला. तारखेतल्या शेवटच्या अंकाला तर हौसेनं लांब शेपटाचं रूप निवडलं. गृहस्थ खूश झाले. "कुणीतरी हातानं लिहून धाडल्यासारखी वाटते," म्हणाले.

लग्न झालं. आणि लग्नानंतर आठ दिवसांनी, १९ तारखेला, नवऱ्या मुलीच्या शाळेतल्या जुन्या बाई दोन एस.टी. बदलून आमच्या गावी उतरल्या. हातातल्या पिशवीत साडी, खण, नारळ. मंगल कार्यालयाला कुलूप होतं. शेजारच्या दुकानदारानं त्यांना आमच्याकडे आणून बसवलं, कारण पत्रिकेच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं. बाईंनी पत्रिका पुढे केली. माझ्या त्या शेपटामुळे ११ चं १९ झालं होतं. तारखेपुढे रविवार छापलेला होता, पण "तारीख वाचल्यावर वार कशाला बघते मी?" असं त्या म्हणाल्या. त्यात त्यांचं काय चुकलं?

बाई चहा घेऊन, साडी आमच्याकडे ठेवून परतीच्या एस.टी.नं गेल्या. वडील मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, नाव वळणदार असू दे, पत्ता मात्र सरळ हवा." त्या वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज आपण बोलणार आहोत ते याच विषयावर. हस्ताक्षरासारखा दिसणारा टाइप, म्हणजे छापील हस्ताक्षर, ही काय चीज आहे, ती कशी घडते, ती कुठं शोभते आणि कुठं घात करते?

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. आपण हातानं लिहितो तेव्हा एकच अक्षर दोनदा अगदी सारखं येत नाही. 'काका' लिहिलं तर पहिला का आणि दुसरा का यांत फरक असतोच. लिहिणाऱ्याचा वेग, कागद, मनःस्थिती, पुढचं अक्षर कुठलं आहे, या सगळ्यांचा परिणाम अक्षरावर होतो. छपाईचं तत्त्व याच्या बरोबर उलट. एक खिळा ओतला की तो हजार वेळा तसाच उमटणार. त्यामुळे हस्ताक्षराचा टाइप करणारा माणूस मुळातच एक अवघड गोष्ट करू पाहत असतो. जे दर वेळी बदलतं ते त्याला कायमच्या साच्यात ओतायचं असतं, आणि तरी ते जिवंत वाटायला हवं.

खरं म्हणजे छपाईची सुरुवातच हस्ताक्षराच्या नकलेनं झाली. जर्मनीत गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमाराला बायबल छापलं, तेव्हा लोकांच्या डोळ्यांना सवय होती ती लेखनिकांनी लिहिलेल्या पोथ्यांची. म्हणून त्यानं तसाच टाइप घडवला. अक्षरं पंचवीसच्या आसपास, पण त्यानं जवळजवळ तीनशे वेगवेगळे खिळे पाडले. त्यांत मोठी अक्षरं होती, जोडाक्षरं होती, संक्षेपाच्या खुणा होत्या, आणि एकाच अक्षराची कमीजास्त रुंदीची रूपंही होती. लेखनिक जसा ओळ भरताना अक्षर थोडं आखडतो किंवा सैल सोडतो, तशी सोय त्याला हवी होती.

पुढं इटलीत, व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुस या प्रकाशकानं १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक काढलं. ते संपूर्ण तिरक्या अक्षरात होतं. विद्वान मंडळी भरभर लिहिताना जे वळण वापरत, त्यावरून फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिरानं हा टाइप कोरला होता. ज्याला आपण आज 'इटॅलिक' म्हणतो ते हेच. पुस्तकात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून आपण तो तिरका करतो, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीचं व्हेनिसचं हस्ताक्षर वापरत असतो.

त्यानंतरचं एक उदाहरण मला फार आवडतं. रॉबेर ग्रांजों या फ्रेंच कारागिरानं १५५७ साली लिऑं शहरात असाच एक टाइप काढला. त्या काळचे फ्रेंच लोक रोजच्या व्यवहारात जे वळण लिहीत, हुबेहूब ते. पुढे मुलांना रीतभात शिकवणारी पुस्तकं या टाइपात छापली जाऊ लागली. शिष्टाचाराला फ्रेंचमध्ये 'सिव्हिलिते' म्हणतात, म्हणून टाइपाचंही नाव तेच पडलं. कल्पना मोठी हुशारीची होती. मूल रीतभात शिकता शिकता हातानं लिहिलेलं वाचायलाही शिकायचं. म्हणजे हस्ताक्षराच्या टाइपाला तिथं शोभेपलीकडचं काम होतं.

आता लग्नपत्रिकेकडे येऊ. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्यापार वाढला. हिशेब, पत्रव्यवहार करणाऱ्या कारकुनांना भरभर आणि सुबक लिहिता यावं म्हणून लेखनगुरूंच्या शाळा निघाल्या. हे गुरू आपले कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापून घेत. जॉर्ज बिकम यानं अनेक लेखनगुरूंची वळणं कोरून 'द युनिव्हर्सल पेनमन' हा मोठा संग्रह १७३३ ते १७४१ या काळात प्रसिद्ध केला. तांब्याच्या पत्र्यावर कोरताना खिळ्यांचा प्रश्नच नसतो. सबंध ओळ एकसंध कोरता येते, अक्षरं हवी तशी जुळवता येतात. बारीक उभार, दाबून जाड केलेला उतार, आणि शेवटी वेलीसारखी गिरकी. या वळणाला 'कॉपरप्लेट' म्हणतात ते त्या तांब्यावरून. सभ्य घरातलं निमंत्रण म्हणजे असं अक्षर, ही समजूत तिथून रूढ झाली आणि ती आपल्याकडच्या इंग्रजी लग्नपत्रिकांपर्यंत पोहोचली.

खिळ्यांत मात्र हे बसवणं कठीण. खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. तिरकं अक्षर त्याच्या बाहेर जातं. बाहेर आलेला भाग छपाईच्या दाबाखाली मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फर्मां दिदो यानं ठोकळाच तिरका ओतून यावर उपाय काढला. पण ते काम नाजूक होतं आणि खर्चाचंही होतं.

यात खरी अडचण कुठली, ते जरा नीट पाहू. समजा इंग्रजीतली सव्वीस छोटी अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची आहेत. कुठल्याही अक्षरापुढे कुठलंही अक्षर येऊ शकतं. सव्वीस गुणिले सव्वीस, म्हणजे ६७६ जोड्या झाल्या. हातानं लिहिताना आपण प्रत्येक जोड तिथल्या तिथे जमवतो. ओ नंतर एन आला तर वरून रेघ नेतो, ए नंतर एन आला तर खालून. टाइपात तसं करता येत नाही. तिथं प्रत्येक अक्षराची डावी बाजू एका ठरलेल्या उंचीवर सुरू व्हावी आणि उजवी बाजू त्याच उंचीवर संपावी, असा नियम करावा लागतो. मग ६७६ जोडांऐवजी सव्वीस अक्षरांची बावन्न टोकं सांभाळली की झालं. पण या नियमामुळे अक्षर शिस्तीत उभं राहतं, कवायतीतल्या मुलांसारखं. जोड जमला तर जीव जातो आणि जीव ठेवला तर जोड तुटतो.

हा पेच फार सुंदर रीतीनं सोडवला तो रोजे एक्स्कोफों या फ्रेंच माणसानं. १९१० साली मार्सेलमध्ये जन्मलेला हा कलावंत चित्रकार होता, जाहिरातींची पोस्टर्सही करायचा. मार्सेलच्या 'ऑलिव्ह' या टाइप ओतणाऱ्या कारखान्यासाठी त्यानं १९५३ साली एक टाइप केला. आधार स्वतःच्याच हस्ताक्षराचा. नाव ठेवलं 'मिस्त्राल'. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून समुद्राकडे जो थंड, कोरडा, सोसाट्याचा वारा सुटतो, त्याचं हे नाव.

मिस्त्राल पाहिला तर प्रथम वाटतं, कुणीतरी ब्रशनं घाईघाईत चिठ्ठी लिहिली आहे. एखादं अक्षर ओळीखाली घसरतं, एखादं वर उडी मारतं. कडा गुळगुळीत नाहीत. खरखरीत कागदावर शाई फिरावी तशा त्या किंचित फुटलेल्या आहेत. पण नीट पाहिलं की कळतं, शब्दातली अक्षरं एकमेकांना बरोबर भेटतात. जोड ठरलेल्या जागी ठेवून एक्स्कोफोंनं बाकीचं अक्षर मोकळं सोडलं. मधला भाग नाचतो आणि टोकं शिस्तीत राहतात. कडांच्या त्या खरखरीतपणाचा आणखी एक फायदा. धातूच्या दोन खिळ्यांमध्ये केसाएवढी फट राहिलीच, तर ती त्या फुटक्या कडांत खपून जाते. गुळगुळीत कॉपरप्लेटमध्ये तीच फट दातातल्या फटीसारखी दिसली असती.

मिस्त्राल लोकांना इतका आवडला की फ्रान्समध्ये दुकानांच्या पाट्या, खानावळींची नावं, सुट्टीच्या ठिकाणचे फलक यांवर तो सगळीकडे दिसू लागला. पुढे तो कॉम्प्युटरवर आला आणि जगभर गेला. २०११ साली आलेल्या 'ड्राइव्ह' या हॉलिवूडपटाची गुलाबी नामावली याच टाइपात आहे. म्हणजे १९५३ मधलं एका माणसाचं हस्ताक्षर अठ्ठावन्न वर्षांनी सिनेमाच्या पडद्यावर आलं. पण एक ध्यानात घ्या. हे सगळे उपयोग कुठले आहेत? दुकानाचं नाव, खानावळीचं नाव, चित्रपटाचं नाव. दोन-चार शब्दांचं काम. मिस्त्रालमध्ये आख्खं पुस्तक छापलं तर दुसऱ्या पानावर डोळे दुखायला लागतील.

कॉम्प्युटरनं या कामात मोठी भर घातली. हर्मान झाप्फ हे जर्मन अक्षरकार. त्यांनी १९४४ साली एका वहीत केलेलं सुलेखन होतं. ते टाइपात आणायची त्यांची इच्छा होती, पण धातूच्या खिळ्यांत ते बसणारं नव्हतं. अखेर १९९८ साली 'झाप्फिनो' या नावानं ते कॉम्प्युटरवर आलं. त्यात एकेका अक्षराची अनेक रूपं होती. आजच्या फाँटांमध्ये तर शेजारी कुठलं अक्षर आहे ते पाहून कॉम्प्युटर आपोआप योग्य रूप निवडतो. एकाच शब्दात दोन टी लागोपाठ आले, तर दोन वेगळे टी. 'काका'मधले दोन का वेगळे दिसण्याची जी गोष्ट सुरुवातीला सांगितली, ती यंत्राला अशी शिकवली गेली.

सगळेच हस्ताक्षरी टाइप जोडलेले असतात असंही नाही. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या व्हिन्सेंट कॉनर यांनी 'कॉमिक सॅन्स' केला. एका प्रोग्राममध्ये पडद्यावरचा कुत्रा बोलताना दाखवला होता आणि त्याच्या तोंडचे शब्द वर्तमानपत्री टाइपात होते. कुत्र्याच्या तोंडी ते शोभेना, म्हणून कॉनर यांनी चित्रकथांच्या फुग्यांतल्या अक्षरांसारखा टाइप बनवला. पुढे तो कॉम्प्युटरबरोबर घरोघरी गेला, आणि वाढदिवसापासून नोटीसबोर्डापर्यंत सर्वत्र वापरला गेला. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाचा शोध जाहीर झाला. तेव्हा फाबिओला जानोत्ती या शास्त्रज्ञ बाईंनी पडद्यावर दाखवलेला मजकूर कॉमिक सॅन्समध्ये होता. जगातल्या एका मोठ्या शोधाच्या दिवशी लोक अक्षरावरून थट्टा करत बसले. टाइप वाईट होता असं नाही. ब्रिटनमधली डिस्लेक्सियासाठी काम करणारी संस्था तर वाचायला सोप्या टाइपांत कॉमिक सॅन्सचं नाव घेते. पण अक्षराचा सूर एक आणि प्रसंगाचा सूर दुसरा असला की लोकांना ते खटकतं.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या मराठीत हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची आपण मोठी किंमत मोजलेली आहे.

देवनागरी, म्हणजे आपलं बाळबोध, सुट्या अक्षरांचं. अक्षरं खाली सुटी असतात आणि वरच्या शिरोरेघेनं जोडली जातात. ही रेघ सरळ असल्यानं जोडाचा प्रश्न आपोआप सुटतो. एका खिळ्याची रेघ दुसऱ्याच्या रेघेला टेकली की शब्द झाला. त्रास आहे तो काना-मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांचा. पण तो सोडवता आला.

पण आपले पूर्वज रोजच्या कामकाजात बाळबोध लिहीत नव्हते. पत्रं, हिशेब, सनदा, करारमदार हे सगळं मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जाई. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. व्यंजनाला काना किंवा उकार लागला की कित्येकदा अक्षराचं रूपच बदलतं. मोडी म्हणजे जातिवंत हस्ताक्षर.

मग त्याचे खिळे करायचे म्हटलं तर काय होणार? तीसच्या वर व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं, आणि जोडाक्षरं निराळीच. तरीही तो प्रयत्न झाला. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरी यांनी मोडीचे खिळे पाडून घेतले आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश मोडी टाइपात छापला. पण हा मार्ग पुढे रुंद झाला नाही. १८३१ सालचा मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश बाळबोधात निघाला. शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रं, पंचांगं, पोथ्या बाळबोधातच राहिल्या. छपाईनं बाळबोध उचललं आणि मोडी हातापुरती उरली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडी सरकारी कामकाजातून गेली आणि त्यानंतर शाळेतूनही गेली. हातानं लिहिणारे थांबले, तसे वाचणारेही संपत आले. छापात न उतरलेलं अक्षर वाचायला शिकवणार कोण? ग्रांजोंच्या फ्रान्समध्ये मुलं रीतभातीच्या पुस्तकांतून हस्ताक्षर वाचायला शिकत होती. तसं आपल्याकडे मोडीचं झालं नाही. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, थेट तंजावरपर्यंत लाखो मोडी कागद आहेत. घरोघरच्या पेट्यांत जमिनीचे जुने दस्त आहेत. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या दप्तरांतली मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यात शोधाशोध झाली. आजोबांनी लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. माणसाची जमीन, त्याची वंशावळ, त्याचा हक्क त्या वळणात अडकलेला असतो.

२०१४ साली युनिकोड या संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात मोडीला जागा मिळाली. आता मोडीचे फाँट आहेत, मोडी शिकवण्याचे वर्ग आहेत. कॅरी यांच्या खिळ्यांनंतर दोनशे वर्षांनी मोडी पुन्हा छापात येते आहे. तरी एक फरक राहतोच. फाँटातली मोडी स्वच्छ आणि एकसारखी असते. दप्तरातली मोडी एकेका कारकुनाची निराळी असते. फाँटावर अक्षरओळख होईल, पुढचा सराव खऱ्या कागदावरच करावा लागेल.

बाळबोधातही आता हस्ताक्षराचे चांगले टाइप आहेत. 'कलम' हा एक मला आवडतो. इंडियन टाइप फाउंड्रीनं तो २०१४ साली आणला, कुणालाही फुकट वापरता येतो. आपण पेननं वहीत लिहावं तसं त्याचं तिरकं, मोकळं वळण आहे. त्यात एक हजारावर आकार आहेत. इंग्रजीला जिथं शंभर-दोनशेत भागतं, तिथं आपल्याला एवढे का लागतात? जोडाक्षरांसाठी. 'ज्योत्स्ना' हे नाव लिहून बघा, म्हणजे कळेल.

इथं एक गोष्ट वेगळी करायला हवी. कमल शेडगे यांच्यासारख्या कलावंतांनी मराठी नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षकं रेखाटली. तो टाइप नव्हे. ते त्या एका शीर्षकासाठी काढलेलं अक्षरचित्र. ती अक्षरं तोडून दुसरा शब्द बनवता येत नाही. टाइपातून कुठलाही शब्द बनवता येतो, आणि म्हणूनच प्रत्येक शब्दात तो थोडी तडजोड करतो. महत्त्वाच्या एकाच शब्दासाठी खर्च करणं शक्य असेल, तर चांगल्या सुलेखनकाराकडून तो लिहून घ्यावा. टाइपाला तो गुण येत नाही.

मग हस्ताक्षराचा टाइप वापरावा कुठं? जिथं माणसाचा आवाज ऐकू यायला हवा तिथं. निमंत्रणातली वधूवरांची नावं. शुभेच्छापत्रातल्या दोन ओळी. दुकानाची पाटी. लोणच्याच्या बरणीवरचं 'घरगुती' हे लेबल. चित्रकथेतला संवाद. पुस्तकात कुणाचं पत्र दाखवायचं असेल तर तेवढा परिच्छेद.

आणि कुठं वापरू नये? जिथं एक अक्षर चुकलं तर नुकसान होतं तिथं. तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर, रक्कम, औषधाचं नाव आणि मात्रा, कराराच्या अटी. देवनागरीत तर काही जोड्या मुळातच घात करणाऱ्या आहेत. १ आणि ९. घ आणि ध. भ आणि म. ख आणि 'रव'. ख चं 'रव' होऊ नये म्हणून तर लिपी सुधारणाऱ्यांनी त्याचे दोन भाग खाली जोडून घेतले. या जोड्यांतला भेद एवढ्याशा गाठीवर नाहीतर शिरोरेघेतल्या एवढ्याशा फटीवर उभा असतो. वळणदार टाइपात नेमकी तीच गाठ आणि तीच फट नाहीशी होते. खऱ्या हस्ताक्षराचा धोका ओळखून तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ साली डॉक्टरांना सांगितलं होतं की, औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा. मग छापताना, हातात सुवाच्य टाइप असताना, आपण मुद्दाम दुर्वाच्य का व्हावं?

वापरायचाच असेल तर चार पथ्यं सांगते. एक, आकार मोठा ठेवा. साध्या टाइपाच्या मानानं हा नेहमी लहान दिसतो. दोन, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. जोड सुटतात आणि शब्द तुटलेल्या माळेसारखा दिसतो. तीन, इंग्रजीत अशा टाइपाची सगळी अक्षरं कधीही कॅपिटल घेऊ नका. ती गिरकीदार अक्षरं शब्दाच्या आरंभी एकेकटी उभी राहण्यासाठी केलेली असतात, रांगेत आली की एकमेकांच्या पायांत पाय घालतात. चार, एका पानावर असा एकच टाइप ठेवा आणि सोबत एक साधा, सरळ टाइप ठेवा. वळणदार अक्षराची शोभा शेजारच्या साध्या अक्षरामुळेच कळते.

आणि पाचवं पथ्य आमच्या छापखान्याचं. बाई परत गेल्या त्यानंतर वडिलांनी एक रिवाज पाडला. कुठल्याही पत्रिकेचं प्रूफ निघालं की ते शेजारच्या आजींकडे न्यायचं. चष्मा त्यांचा जुनाच. त्यांनी ते मोठ्यानं वाचायचं, आणि मी मुकाट्यानं ऐकायचं. त्या जिथं अडखळतील तिथला टाइप बदलायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता आजीही नाहीत आणि वडीलही नाहीत. पत्रिका बहुतेक मोबाइलवर जातात. पण पाठवण्याआधी मी अजून ती कुणातरी वयस्कर माणसाला वाचायला देते. तुम्हीही देऊन बघा.

साडीचं काय झालं, ते राहिलंच. नवरी मुलगी सासरहून पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती न्यायला आमच्याकडे आली. साडी घेतली, आणि आमच्याच टेबलावर बसून तिनं बाईंना पोस्टकार्ड लिहिलं, स्वतःच्या अक्षरात. पत्ता मात्र मी लिहिला. एकेक अक्षर सुटं, शिरोरेघ सरळ, आणि पिनकोडमधला एक अन् एक आकडा कोरून काढल्यासारखा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)